मागणी कागदावर दिसत नाही म्हणता, ती माझ्या दुकानात येऊन पडलीय

प्रति,
राज्यातल्या वीज पारेषणाचं नियोजन करणारे सगळे साहेब, वीज नियामक आयोगाचे सदस्य, आणि आमचे खान्देशातले आमदार-खासदार

साहेब, नमस्कार.

मी रावेर-यावल पट्ट्यातला मोटर रिवाइंडिंगवाला. आयटीआय वायरमन करून दुकान टाकलं त्याला आता सव्वीस वर्षं होतील, आणि वडिलांची अडीच एकर केळी आहे ती पण मीच बघतो. म्हणजे जळालेली मोटर मी दोन्ही बाजूंनी बघितलेली आहे, दुरुस्त करणारा म्हणून पण आणि ज्याची बाग सुकतेय तो शेतकरी म्हणून पण.

हे पत्र लिहायचं कारण असं झालं, की मागच्या महिन्यात आम्ही गावातले सात-आठ जण एका ऑफिसला गेलो होतो. मागणी साधी होती, आमच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर वाढवा आणि वरून येणारी १३२ केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन डबल करा. उत्तर मिळालं की तुमच्या भागात तेवढी मागणी कागदावर दिसत नाही, त्यामुळं काम पुढच्या टप्प्यात टाकलंय. पुढचा टप्पा म्हणजे कोणतं साल, ते कोणालाच सांगता आलं नाही. ते साहेब बोलायला चांगले होते, चहा पण पाजला, ऑफिस कोणतं ते मी लिहीत नाही कारण एकट्या त्या माणसाची चूक आहे असं मला वाटत नाही. पण "मागणी दिसत नाही" हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात माझ्या दुकानात अकरा मोटरी जळून आल्या होत्या. ओट्यावर जागा उरली नाही म्हणून तीन मोटरी बाहेर लिंबाखाली ठेवल्या होत्या. मागणी बघायची तर तिथं येऊन बघावी.

आधी मोटर काबरं जळते ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं व्होल्टेज कमी म्हणजे मोटर नुसती हळू चालते. तसं नसतं. थ्री फेज मोटरला ४१५ व्होल्ट लागतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं घटते, म्हणजे ३०० व्होल्ट आले तर ताकद जवळपास निम्मी. पण बोअरमधलं पाणी तेवढंच खोल असतं ना, पंपाचं ओझं काही कमी होत नाही, मग मोटर जास्त करंट ओढते, तापते, कॉइलचं वार्निश जळतं आणि संपलं. सबमर्सिबल असेल तर आधी ती बोअरमधून वर काढायची, त्याला माणसं लागतात, मग माझ्याकडं आणायची, दहा एचपीची असेल तर तिची कॉइल नव्यानं भरायला मला दोन दिवस लागतात, मग परत सोडायची. चार-पाच दिवस बागेला पाणी नाही. मे महिन्यात इकडं पारा ४५च्या वर जातो, आणि मृगबागेचे, म्हणजे जूनच्या सुमारास लावलेल्या केळीचे, घड भरायची वेळ तीच. एका झाडाला त्या दिवसांत रोज वीसेक लिटर पाणी लागतं. चार दिवस पाणी नाही मिळालं तर पानं होरपळतात आणि घड हलका पडतो, आणि हलक्या घडाला व्यापारी काय भाव देतो ते तुम्ही सावद्याच्या बाजारात जाऊन विचारा.

आता कागदाची गोष्ट, कारण सगळी गडबड तिथंच आहे आणि त्यात आमचा पण वाटा आहे, तो मी लपवणार नाही.

आमच्याकडं बहुतेकांचं कनेक्शन रेकॉर्डवर ५ एचपीचं आहे. वडिलांच्या, आजोबांच्या नावावर, त्या वेळी विहिरीला पाणी वर होतं. आता तापीच्या या गाळाच्या पट्ट्यात पाणी वर्षानुवर्षं खोल गेलं, विहिरी आटल्या, लोकांनी बोअर मारले, मग खोल बोअर मारले. ५ची मोटर पाणी उचलेना म्हणून साडेसात आली, साडेसातची दहा झाली, काही ठिकाणी पंधरा. कागदावर तीच ५. वाढवून घ्यायला गेलं की डिपॉझिट, फॉर्म, चकरा, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे म्हटल्यावर तर कोण सांगेल की माझी दहाची आहे? कोणीच सांगत नाही. मी मोटरी भरतो, मला माहीत आहे. माझ्याकडं एक वही आहे, त्यात कोणत्या गावची किती एचपीची मोटर कोणत्या तारखेला जळून आली ते लिहिलेलं असतं, गिऱ्हाइकाच्या हिशोबासाठी. ती वही आणि तुमचं रजिस्टर शेजारी ठेवलं तर दोन वेगळे जिल्हे वाटतील.

आता नियोजन करणारा माणूस मुंबईत बसून कागदावरचे एचपी बेरीज करणार. त्यात चूक त्याची नाही, पण त्याला खरा आकडा मिळतच नाही, आणि मिळत नाही म्हणून लाईन होत नाही, आणि लाईन होत नाही म्हणून व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की शेतकरी अजून मोठी मोटर टाकतो. कोणीतरी हे चक्र मधेच तोडलं पाहिजे, आणि आकडे मागायचा अधिकार तुमच्याकडं आहे म्हणून तुम्हाला म्हणतोय.

हे फक्त आमचंच असं होतं असं मला वाटायचं. माझा भाचा टेक्सासात मिडलंडला सबस्टेशनच्या कामावर इंजिनियर आहे. तो रविवारी फोन करतो, त्याच्याकडून जे ऐकलं आणि मग स्वतः वाचलं ते तुम्हाला सांगतो, कारण मला ते ऐकून झोप लागली नव्हती.

मिडलंड म्हणजे पर्मियन बेसिन, पश्चिम टेक्सास आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोचा तेलाचा पट्टा. अमेरिकेच्या कच्च्या तेलातलं जवळपास निम्मं तिथून निघतं. पूर्वी तिथल्या रिग, पंप, गॅस दाबणारे कॉम्प्रेसर डिझेलवर नाहीतर जागेवरच्या गॅसवर चालायचे, आता कंपन्या ते सगळं विजेवर नेतायत. आणि अडचण अशी की तेलाची विहीर काही महिन्यांत चालू होते पण मोठी लाईन टाकायला पाच-सहा वर्षं लागतात. कंपनीनं वीज जोडणीच्या करारावर सही केल्यावर लाईनचा विचार करायचा म्हटलं की लाईन कायमच मागं राहणार. भाचा म्हणाला, मामा, इथं पण तेच, आधी कागद दाखवा मग लाईन. मी त्याला म्हटलं मग तुमचं कसं सुटलं?

तर तिथल्या विधिमंडळानं २०२३ साली एक कायदा केला, हाऊस बिल ५०६६. त्यात वीज आयोगाला सांगितलं की पर्मियनसाठी वेगळा आराखडा करा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या मागणीवर अजून सही झालेली नाही पण येणार आहे हे दिसतंय, ती पण धरा. साहेब, हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग जुलै २०२४ मध्ये एरकॉट म्हणजे तिथली ग्रिड सांभाळणारी संस्था, तिनं अभ्यास मांडला, २०३८ पर्यंत त्या एका पट्ट्याला २६,००० मेगावॅटच्या वर वीज लागेल. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राची कडक उन्हाळ्यातली मागणी ३०,००० च्या आसपास जाते, त्यावरून अंदाज घ्या. त्याच वर्षी आयोगानं आराखडा मान्य केला आणि एप्रिल २०२५ ला ठरवलं की त्या पट्ट्यात वीज आणणाऱ्या मोठ्या लाईनी ७६५ केव्हीच्या टाकायच्या, त्यांच्या ग्रिडवर हे पहिल्यांदाच. खर्च १३ अब्ज डॉलरच्या पुढं, आणि तो त्या ग्रिडच्या सगळ्या ग्राहकांवर वाटून.

तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या रानातून त्या ७६५ च्या लाईनी जायच्यात ते लोक विरोध करतायत, आणि माझ्या मते त्यांचं ऐकलं पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२१ ला तिथं बर्फाचं वादळ आलं तेव्हा काय झालं ते पण वाचा. ग्रिड वाचवायला वीज कापली, त्यात गॅसच्या पट्ट्यातल्या कितीतरी कॉम्प्रेसरचीच वीज कापली गेली, कारण अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. गॅस कमी पडला, मग गॅसवरची वीजकेंद्रं अजून बंद पडली. २०० च्या वर माणसं गेली. एका यादीत नावं नसल्यामुळं संकट किती वाढलं बघा. म्हणून मी यादीबद्दल, रजिस्टरबद्दल एवढं बोलतोय, हा कारकुनी विषय नाही.

आणि अजून एक. टेक्सासात ७६५ केव्ही २०२५ ला ठरलं. आमच्या धुळ्याला ७६५ केव्हीचं सबस्टेशन दहा वर्षांपासून उभं आहे. औरंगाबादहून धुळ्याला, धुळ्याहून वडोदऱ्याला, खंडव्याहून धुळ्याला ७६५ च्या लाईनी आहेत. म्हणजे तंत्र आपल्याकडं आधीपासून आहे, माणसं आहेत, ठेकेदार आहेत. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आणि आता ६६० चा नवा संच. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, तिथंच ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या. खान्देश वीज पिकवतो आणि खान्देशावरून वीज जाते. ती जाऊ द्या, मुंबई-पुण्यात पण आपलीच पोरं राहतात, वीज देशाची आहे. पण ७६५ वरून ४००, ४०० वरून २२०, २२० वरून १३२, मग ३३, मग ११, मग आमची डीपी म्हणजे गावातला छोटा ट्रान्सफॉर्मर, या उतरंडीत वरची मडकी मोठी आणि आमच्याकडची खालची छोटी ठेवली तर पाणी कुठून येणार? लाईनमन पोराला शिव्या देऊन काय उपयोग, तो ११ केव्हीचा फ्यूज टाकतो, त्याच्या हातात १३२ नाही.

आता आमचं म्हणणं एकेक करून मांडतो.

पहिलं, जे येणार आहे ते तुम्हाला माहीत आहे तरी धरलं जात नाही. धुळे जिल्ह्यात सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना, अमळनेरकडं पाडळसरेचं काम, या सगळ्यातलं पाणी शेतापर्यंत चढवायला वीजच लागणार आहे. केळीचे कोल्ड स्टोरेज, रायपनिंग चेंबर, पॅकहाऊस दरवर्षी वाढतायत, ते बांधायला एक वर्ष पुरतं. पर्मियनमध्ये विहीर आणि लाईन यांच्या वेगाचं जे झालं तेच इथं आहे, फक्त तिथं तेल उपसतात आणि इथं पाणी. धरणाच्या भूमिपूजनाला सगळे येतात, त्या पंपांची लाईन कोणत्या साली होणार हे मात्र कोणी बोलत नाही.

दुसरं दिवसाच्या विजेचं. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायची, राज्यभरात १६,००० मेगावॅट, हे मला मनापासून पटलेलं आहे. रात्री दोन वाजता बागेत बॅटरी घेऊन जाणाऱ्या माणसाला साप चावतो, बिबट्या दिसतो, हे आम्ही भोगलंय, माझ्या सख्ख्या चुलत्याला रात्रीच्या पाळीत साप चावला होता, वाचला तो नशिबानं. पण पूर्वी अर्धी गावं रात्री आणि अर्धी दिवसा चालायची, आता सगळी मोटर दिवसाच लागणार. ऊन असेल तोपर्यंत सौर सांभाळेल. जूनच्या सुरुवातीला ढग येतात आणि पाऊस येत नाही, केळीला पाणी तर लागतंच, तेव्हा तो सगळा भार वरच्या १३२ च्या लाईनीवर एकदम येणार. आणि उलटं पण, पाऊस पडून गेल्यावर ऊन पडलं, मोटरी बंद आणि सौर चालू, ती वीज मागं वर चढणार, तेव्हा सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरला ती झेपली पाहिजे. सौर प्रकल्प वर्षभरात उभा राहतो म्हणून तो पुढं गेला आणि पारेषणाचं काम मागं राहिलं तर या चांगल्या योजनेचं नाव खराब होईल आणि लोक म्हणतील सौरमुळंच मोटर जळाली. मला ते नकोय.

टेक्सासनं हे एकदा बरोबर करून दाखवलं होतं. २००५ साली कायदा करून त्यांनी वाऱ्याच्या पट्ट्यापासून शहरांपर्यंत लाईनी आधी ठरवल्या, जवळपास ५,८०० किलोमीटर, २०१४ पर्यंत पूर्ण झाल्या, आणि पवनचक्क्या त्या लाईनीच्या भरवशावर आल्या.

तिसरं जमिनीचं, आणि इथं मला जरा सविस्तर बोलू द्या. मी लाईन मागतोय म्हणजे ती कोणाच्या तरी वावरातून जाणार. २७ मीटरचा पट्टा १३२ केव्हीला लागतो, ३५ मीटर २२० ला, आणि ७६५ डबल सर्किटला ६७ मीटर. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, बोअर मारायचं मशीन उभं करता येत नाही, झाड उंच वाढवता येत नाही. जमीन नावावरच राहते पण तिचा भाव जातो. कायदा १८८५ च्या टेलिग्राफ अॅक्टचा लावायचे, म्हणजे जमीन घ्यायचीच नाही, फक्त वापरायची, भरपाई पिकाची. केंद्रानं १४ जून २०२४ ला नव्या सूचना काढल्या, टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. चांगलं केलं. पण आमच्याकडं शेजारच्या दोन गावांत दोन वेगळे दर सांगितले जातात, आणि काही ठिकाणी मशीन आधी येतं, नोटीस मागून, आणि उभ्या कांदेबागेत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीत, पोकलेन घातलं जातं. माणूस मग अडवतो. अडवला की पोलीस येतात. आणि पेपरात येतं की शेतकऱ्यांमुळं लाईन रखडली.

आमच्या खान्देशानं या बाबतीत एक मोठी किंमत दिलेली आहे. विखरणचे धर्मा पाटील. वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीचा मोबदला बरोबर मिळाला नाही म्हणून तो म्हातारा माणूस चकरा मारून मारून शेवटी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्यायला. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं होतं. नियोजनाच्या फाईलवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे नाव विसरू नये एवढंच म्हणतो.

चौथं लहान आहे पण रोजचं. व्होल्टेज किती येतं हे आम्हाला कोणी सांगत नाही. सबस्टेशनला मीटर आहे, रीडिंग होतं, ते आम्हाला काबरं दिसू नये? मी माझ्या दुकानात मीटर लावलाय, मे महिन्यात दुपारी बारा ते तीन रोज लिहून ठेवलं. ३४०, ३२५, एक दिवस २९८. तक्रारीत हे आकडे दिले तर म्हणाले, तुमचा मीटर आम्ही मानत नाही. मग तुमचा दाखवा.

आता काय पाहिजे ते.

धुळे, नंदुरबार, जळगाव मिळून खान्देशाचा वेगळा पारेषण आराखडा करा, पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा, त्यात प्रत्येक कामासमोर साल लिहा, मराठीत छापा आणि तहसीलला, पंचायत समितीला लावा. "पुढचा टप्पा" हा शब्द त्यात नको.

खरा लोड मोजा. तीन महिन्यांची मुदत द्या, ज्याची मोटर कागदापेक्षा मोठी आहे त्यानं येऊन सांगावं, दंड नाही, मागचं बिल नाही, बिलमाफी लगेच काढणार नाही असं लेखी द्या. लेखी नसेल तर कोणी येणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. तसं झालं तर गावोगाव सांगायचं काम आम्ही रिवाइंडिंगवाले करू, लोक आमच्याकडं येतातच. मोजणी होईपर्यंत फिडरवरचा, म्हणजे सबस्टेशनमधून गावांकडं निघणाऱ्या लाईनीवरचा, उन्हाळ्यातला खरा करंट धरा, रजिस्टरचे एचपी नको.

उपसा योजना, सौर पार्क, कोल्ड स्टोरेजचे क्लस्टर, यांना मंजुरी देतानाच वरच्या लाईनीची आणि ट्रान्सफॉर्मरची तारीख मंजुरीच्या कागदावर असली पाहिजे. आणि टेक्साससारखं, सही झालेली नाही पण दिसतेय ती मागणी धरायची मुभा तुमच्या नियमात आणा. आमदार साहेब, हे तुमचं काम आहे, विधानसभेत तुम्ही बसता.

लाईनीचा रस्ता ठरायच्या आधी गावात बैठक, एकच दर, पैसे आधी खात्यात आणि मग मशीन. हे झालं तर माझ्या अडीच एकरातून १३२ ची लाईन न्या, मी स्वतः खुंटी ठोकायला येईन, हे मी इथं सगळ्यांसमोर लिहून देतो.

आणि प्रत्येक सबस्टेशनचं तासातासाचं व्होल्टेज दारावरच्या बोर्डावर नाहीतर मोबाईलवर, रोज.

पुढच्या मेच्या आधी निदान मोजणी सुरू व्हावी. ज्या साहेबांना मागणी दिसत नाही त्यांनी एकदा दुपारी बाराला इकडं यावं. वही दुकानात आहे, २०११ पासूनच्या सगळ्या तारखा आहेत, झेरॉक्स काढून ठेवलीय. दुकान सकाळी आठ ते रात्री नऊ उघडं असतं, फक्त सोमवारी बंद.

आपला,
एक मोटर रिवाइंडिंगवाला आणि केळी उत्पादक, रावेर-यावल पट्टा, जिल्हा जळगाव